म्हणे, सव्वा महिन्यात सगळं ठीक होतं!

‘आमच्या आजीला नऊ मुलं झाली, डिप्रेशन एकदाही नाही. हे हल्लीचं खूळ. बाळंतपणानंतर चार दिवस रडू येतं. माहेरी डिंकाचे लाडू खाल्ले की सव्वा महिन्यात सगळं ठीक. गोळ्या घेऊ नका, दूध बिघडतं.’ हा फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला.

आजीचं आधी उरकते. तिला विचारलं होतं कुणी? बाळंतीण गप्प गप्प झाली की ‘बाहेरचं लागलं’ म्हणून मीठ-मिरच्या उतरवून टाकत, विषय संपला.

चार दिवस रडू येतं हे मात्र खरं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच डोळे भरून येतात आणि बहुतेकींचं पंधरवड्यात ओसरतं. नैराश्य वेगळं. बाळ गाढ झोपलंय, आईने ‘तूही पड जरा’ म्हणत दार लोटून घेतलंय, आणि ही टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघतेय. बाळ उठवतं म्हणून झोपमोड होणारच, पण बाळ झोपूनही हिला झोप नाही. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला वापरतात त्या १९८७ सालच्या एडिंबरा प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न आहेत. त्यातही नुसती झोप विचारलेली नाही. मन दुःखी असल्यामुळे झोप उडाली का, असं विचारलंय.

खरी गफलत ‘बाळंतपणानंतर’ या शब्दात आहे. गोव्यातल्या मातांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या ७८ टक्के गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे डोहाळजेवणात फुलांची वाडी घालून फोटोला हसत होत्या, तेव्हाच! सव्वा महिन्याचं म्हणाल, तर सहा महिन्यांनीही निम्म्याहून अधिक जणी बऱ्या झालेल्या नव्हत्या. ब्रिटनमधल्या एव्हनच्या मोठ्या पाहणीत तर गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यातली लक्षणं प्रसूतीनंतरच्या आठव्या आठवड्यापेक्षा जास्त निघाली. अर्थात सगळ्यांचं सारखं नसतं. कुणाचं मन पोटुशी असताना खचतं आणि बाळ झाल्यावर सावरतं, कुणाचं नेमकं उलट.

लाडवांशी माझं भांडण नाही, मीही डबाभर खाल्लेत. पण गोव्याच्या त्याच अभ्यासात पैशांची ओढाताण, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांचाही नैराश्याशी संबंध दिसला. मुलगी झाली म्हणून घर मुकं झालं, तर डिंक काय करणार?

राहिल्या गोळ्या. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, अंगावर पाजतानाही डॉक्टर देतात. कुठली आणि किती, ते तेच ठरवतील. आणि डॉक्टरांपर्यंत जाणं जमत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र लागतो.