आईचं तिकीट काढताना मधला थांबा बघा

गेल्या वर्षी आई एकटीच डॅलसला ताईकडे गेली. तिकीट मी काढलं होतं. मुंबईहून आखातातला एक विमानतळ, तिथे एक तास वीस मिनिटांचा थांबा, पुढे थेट डॅलस. एकच पीएनआर, म्हणजे दोन्ही विमानांचं मिळून एकच बुकिंग, आणि भाडं बाकीच्यांपेक्षा साडेसहा हजारांनी कमी. मी लगेच पैसे भरले. आई ६८ वर्षांची, उजव्या गुडघ्याने हैराण. रोज डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट तिकीट काढताना मला आठवली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

विमान वेळेवर पोहोचलं, पण टर्मिनलला लागलंच नाही. लांब मोकळ्यावर उभं राहिलं. शिडीने खाली, बसमध्ये उभ्याने पंधरा मिनिटं, परत सिक्युरिटीची रांग. रांगेत पाण्याची बाटली काढून घेतली, त्यामुळे बीपीची गोळी पर्समध्येच राहिली. तिकिटावर असते ती विमान सुटायची वेळ. गेट त्याच्या वीसेक मिनिटं आधीच बंद होतं, म्हणजे आईच्या हातात खरा वेळ तासाभराचाच. ती पोहोचली, सगळ्यांच्या शेवटी. ताई सांगत होती, डॅलसला उतरली तेव्हा पाय इतके सुजले होते की सॅंडलचे पट्टे लागेनात. सॅंडल हातात घेऊन ती गाडीपर्यंत आली.

एअरलाइनने नियम मोडला म्हणावं, तर तसंही नाही. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला किमान वेळ असतो, मिनिमम कनेक्टिंग टाइम. त्याहून कमी थांब्याचं एकत्र तिकीट सहसा विकलंच जात नाही. पण तो वेळ भराभर चालणाऱ्या, पाट्या वाचता येणाऱ्या माणसाच्या हिशोबाने धरलेला असतो. गुडघ्याचा हिशोब आपणच करायचा. माझ्या मते साठीपुढच्या माणसाला तीन तासांपेक्षा कमी थांबा देऊच नये. साडेतीन-चार तास मिळाले तर उत्तम.

ग्रुपवर कुणी विचारलं, ‘आई-बाबांसाठी कुठला एअरपोर्ट चांगला?’ की खाली फोटोंचा पाऊस पडतो. सिंगापूरच्या ज्युएलमधला ४० मीटरचा धबधबा, दोह्याचं डोक्यातून दिवा निघालेलं पिवळं अस्वल. दोन्ही बघण्यासारखी आहेत. पण ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, नुसतं विमान बदलणाऱ्याला तो धबधबा वाटेत लागत नाही. मी आता वेगळं बघते. दोन्ही विमानं एकाच टर्मिनलमधून आहेत का? दोह्याला सगळं एकाच छताखाली, हे म्हाताऱ्या माणसांना फार सोयीचं. तिथलं अस्वलही कामाचं आहे, ‘अस्वलापाशी थांबा’ म्हटलं की चुकामूक होत नाही. दुबईचं टर्मिनल ३ प्रचंड मोठं, त्यात ए, बी, सी असे भाग, ए आणि बीमध्ये ट्रेन. आणि पुढचं विमान टर्मिनल २ वरून असेल तर बसने जावं लागतं. तिकिटावर नुसतं ‘दुबई’ वाचून हे कळत नाही.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी अबू धाबीची एक सोय फार मोलाची आहे. २०१४ पासून तिथे अमेरिकेचे अधिकारी बसतात आणि अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढायच्या आधीच उरकतं. एरवी काय होतं? अमेरिकेतल्या पहिल्या शहरात उतरलं की इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅगा उतरवायच्या, कस्टम्स, बॅगा पुन्हा द्यायच्या, पुन्हा सिक्युरिटी. न्यूयॉर्कला उतरून आणखी पुढच्या गावाला जायचं असेल तर खरी कसोटी तिथेच लागते, आणि ती पंधरा तासांच्या प्रवासानंतर. अबू धाबीहून गेलं की माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो. मात्र ती तपासणी आधी होत असल्यामुळे थांबा तिथे मोठा लागतो.

व्हीलचेअरबद्दल स्पष्ट लिहिते, कारण यावरून लोक फार बोलतात. दीड-दोन किलोमीटर चालवत नाही, इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, अशा माणसाने ती मागण्यात काहीही गैर नाही. फक्त नेमकी मागा. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, त्याला डब्ल्यूसीएचआर हा कोड. जिनाही जमत नाही, त्याला डब्ल्यूसीएचएस. हा फरक सांगितला नाही तर शिडीच्या पायथ्याशी खोळंबा होतो. आणि व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात. व्हीलचेअर घेतली की छोट्या थांब्यातही भागेल असं मला वाटायचं. खरं तर तेव्हाच जास्त वेळ हाताशी हवा.

आता आपल्याकडचं. तुकड्यातुकड्यांनी तिकिटं काढू नका, कितीही स्वस्त पडू देत. पुणे-दिल्ली एक तिकीट आणि दिल्लीहून पुढे दुसरं, असं केलं आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पहिलं विमान लटकलं, तर दुसरी एअरलाइन तुम्हाला ओळखतही नाही. एका पीएनआरवर असाल तर पुढच्या विमानात बसवून देणं त्यांची जबाबदारी असते. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगळ्या जागी आहेत हे बाहेरगावच्या कित्येकांना ठाऊक नसतं. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटायला लागली. साइटवर दोन्हीकडे ‘मुंबई’ दिसतं, म्हणून कोड वाचा. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. आणि पुणेकरांचं पहिलं कनेक्शन म्हणजे बोरघाट. तिथे ट्रक आडवा झाला तर विमान थांबत नाही, तेवढा वेळ घरूनच धरून निघा.

दोन गोष्टी तिकिटावर कुठेच लिहिलेल्या नसतात. युएईत, म्हणजे दुबई-अबू धाबीत, व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, मेसेज जातो. आई-बाबा कॉल लावत बसतात, लागत नाही म्हणून घाबरतात, इकडे आपणही घाबरतो. निघायच्या आधीच त्यांना व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवा. दुसरी गोष्ट खसखस. युएई आणि सिंगापूर, दोन्हीकडे खसखशीवर बंदी आहे. आपल्या अनारशांवर ती असते, काहींच्या घरच्या मसाल्यातही असते. दिवाळीचा डबा हँडबॅगेत घेऊन तिथे उतरू नका. काकूंनी प्रेमाने दिलेला डबा असला तरी नाही म्हणा.

यंदा दिवाळीनंतर आई पुन्हा जाते आहे. थांबा चार तास दहा मिनिटांचा, दोन्ही विमानं एकाच टर्मिनलमधून, भाडं नऊ हजारांनी जास्त. रिकामी स्टीलची बाटली घेतली आहे, सिक्युरिटी झाली की भरून घ्यायची. मी मोबाइलवर सगळं टाइप करून पाठवलं होतं, पण तिने ते वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलं आहे. ‘उतरल्यावर आधी बाथरूम. मग पाणी. मग गोळी. मग गेट. मग ताईला मेसेज.’