खाडाखोड पालकांनाही दिसू द्या

आज दुपारी वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन चित्रं टाकली. दुसरीतल्या एका मुलीची. तिला विचारून, तिच्या घरच्यांना विचारून. थोड्या वेळात दुसऱ्या एका पालकांचा मेसेज आला, "मॅडम, 'मुळ' ऱ्हस्व लिहिलंय. तपासून टाकत जा. आणि पहिली दोन चित्रं चुकीची आहेत, ती कशाला? फायनल तेवढं टाका ना." त्याखाली अंगठ्यांवर अंगठे.

तेव्हापासून डोकं तापलंय. ग्रुपवर वाद घालायचा नाही हे मी पक्कं ठरवलेलं आहे, म्हणून इथे लिहितेय. इथे तुम्ही बहुतेक सगळे आपल्यातलेच आहात. मुलं चुकत चुकत शिकतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ती तीन चित्रं काय होती ते आधी सांगते. काचेच्या ग्लासात ओला टिपकागद गुंडाळून ठेवायचा, कागद आणि काच यांच्यामध्ये घेवड्याचं बी सरकवायचं, आणि रोज बघून जे दिसेल ते काढायचं. तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी केलं असेल. मी त्याच्या आधी एक चित्र काढून घेते : बी रुजलं की काय होईल असं तुला वाटतं? या पोरीने बीच्या डोक्यावर सरळ देठ काढला, दोन पानं, वर गुलाबी फूल, कोपऱ्यात हसणारा सूर्य. मूळ नाहीच. दुसरं चित्र बीमधून पांढरं टोक बाहेर आलं त्या दिवशीचं. ते टोक खाली वळलेलं होतं आणि तिने काढलं वर. झाडं वरच वाढतात ना!

मी चूक म्हटलं नाही. म्हटलं, ग्लास वहीशेजारी ठेव आणि बघ. तिने पाहिलं. मग वही उलटी धरून पाहिली, तशी तरी जुळते का म्हणून. पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "बाई, हे तर खाली चाललंय."

तिसऱ्या चित्रात मूळ खाली, त्याला कापसाच्या तंतूंसारखे बारीक केस, आणि वर देठाची वाकलेली मान. हो, घेवड्याचा कोंब सरळ वर येत नाही, मान वाकवून येतो आणि मग ताठ होतो. आपल्यातल्या किती मोठ्यांनी हे नीट बघितलंय? तिने बघितलं. आणि खाली लिहिलं, "बी आदी मुळ खाली सोडत मग मान वाकवून वर येत." ना अनुस्वार, ना ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता. पण सात वर्षांच्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं वाक्य आहे ते. आणि त्यात आपल्याला दिसलं काय, तर ऱ्हस्व 'मु'.

शुद्धलेखन महत्त्वाचं आहे, मान्य. ते शिकवतेच मी, त्यासाठी वेगळा वेळ असतो. पण त्या पानावर, त्या दिवशी, मला तिचं निरीक्षण हवं होतं. तिथे लाल पेन चालवलं असतं तर पुढच्या वेळी तिने फक्त लिहिता येणारे शब्द लिहिले असते. 'मान वाकवून' लिहिलंच नसतं.

आणि फायनल तेवढं टाका? फायनल चित्र एकटं टाकलं तर त्यातून काय कळणार? ते पुस्तकातून उतरवलेलंही असू शकतं. शेजारच्या मुलाचं बघून काढलेलंही असू शकतं. शिकणं झालंय ते पहिल्या आणि तिसऱ्या चित्राच्या मध्ये. पहिलं काढून टाकलं की शिकणंच काढून टाकलं, उरलं फक्त एक बरं चित्र.

अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात पहिलीतल्या एका मुलाने फुलपाखराचं चित्र काढलं होतं. समोर खऱ्या फुलपाखराचा फोटो. पहिलं चित्र सगळी मुलं काढतात तसंच. मग वर्गातल्या मित्रमैत्रिणींनी फोटो आणि चित्र शेजारी ठेवून सांगितलं, पंखाचं टोक असं नाहीये, इथे कोन आहे, खाली शेपटी आहे. त्याने पुन्हा काढलं. पुन्हा काढलं. सहावं चित्र बघून विश्वास बसत नाही, इतकं नेमकं. रॉन बर्गर नावाचे शिक्षक ही सगळी चित्रं घेऊन मुलांसमोर जातात आणि ती ओळीने दाखवतात. नुसतं शेवटचं दाखवलं असतं तर सगळे म्हणाले असते, देवाची देणगी आहे पोराला. मधली बघितली की कळतं की ती मेहनत आहे, आणि मेहनत तर कुणालाही करता येते. हेच मला माझ्या ग्रुपवरच्या प्रत्येक आईबाबांना दाखवायचं होतं. त्या एका मुलीचं कौतुक करायला नव्हती टाकली ती चित्रं.

आता शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनांबद्दल बोलू द्या, कारण खरा राग तिथला आहे.

तो रंगवलेला, फेसाळणारा ज्वालामुखी कोण बनवतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रात्री उशिरापर्यंत आई फेविकॉल लावत बसते, बाबा वायरिंग करतात, पोर झोपलेलं असतं. सकाळी ते टेबलामागे उभं राहतं आणि पाठ केलेल्या चार ओळी म्हणतं. एक आडवा प्रश्न विचारा, आतला दगड वितळतो कशाने? ते आईकडे बघतं. त्या नजरेचा मला फार त्रास होतो. स्वतःच्याच प्रकल्पासमोर ते मूल परकं असतं! आणि शाळा फोटो काढतात, पालक स्टेटसला ठेवतात, सगळे म्हणतात वा. कुणाचं काम बघितलं आपण? कुणाला फसवतोय आपण? आणि त्या मुलाला त्या दिवशी काय समजलं असेल? हेच की आपण केलेलं दाखवण्यासारखं नसतं. दाखवायचं ते मोठ्यांनी केलेलं.

शाळांचा दोष मोठा आहे. स्पर्धा लावायची, नंबर काढायचे, सुबकतेला गुण द्यायचे, आणि मग पालक मदत करतात म्हणून नाकं मुरडायची. पालक दुसरं काय करतील?

इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराबद्दल मी याआधीही इथे लिहिलंय, तरी पुन्हा लिहिते. १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथून जवळच्या व्हिला चेल्ला नावाच्या गावातल्या लोकांनी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. पडलेल्या घरांच्या विटा धुऊन घेतल्या. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवरून बघायला गेला आणि त्या कामात पडला तो कायमचाच. १९६३ पासून शहराने स्वतःच्या बालशाळा सुरू केल्या. त्या शाळांच्या भिंतींवर आजही मुलांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलेलं असतं, अर्धवट कामाचे फोटो असतात, एका प्रश्नावर मुलं कुठून कुठे गेली ते असतं. पालक येतात आणि ते वाचतात. तिथे पालकांना पाहुणे कुणी मानतच नाही. ज्यांनी विटा धुतल्या त्यांना काय नुसतं तयार चित्र बघून टाळ्या वाजवायला बोलावणार?

मला माझ्या पालकांकडून तेच हवंय, आणि ते शक्य आहे. या मुलीच्याच बाबतीत झालं ते सांगते.

तिची वही आज ग्रुपवर टाकण्याआधीच घरी जाऊन आली होती. चित्रं एका ओळीत चिकटवून, खाली तिचं बोलणं, आणि शेवटी मी लिहिलेला एकच प्रश्न : आता हिला काय विचारावंसं वाटतं? तिच्या बाबांनी विचारलं, "बी उलटं लावलं तर मूळ वर जाईल का?" बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी ही वर्गात आली ती दप्तर न काढताच. "बाई, माझे पप्पा म्हणतात बी उलटं लावू." आम्ही लावलं. उलटं, आडवं, सगळ्या तऱ्हांनी. जमेल त्या मुलाने पैज लावली. मुळं वळून खालीच गेली. बी कसंही ठेवा, मुळाला खालची दिशा बरोबर कळते. हा सगळा धडा एका बापाच्या प्रश्नातून उभा राहिला. मी ठरवलेल्या आखणीत तो नव्हता.

त्या बाबांना मी फक्त तिसरं चित्र पाठवलं असतं तर ते काय म्हणाले असते? "छान." दुसरं काय म्हणणार? पूर्ण झालेल्या सुबक कामावर छान म्हणण्यापलीकडे माणसाला काही करता येत नाही. अर्धवट काम असलं, त्यात मुलाचा गोंधळ दिसत असला, की विचारायला जागा मिळते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या मेसेज टाकणाऱ्या पालकांचाच विचार करतेय. ते वाईट माणूस नाहीत. मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देणारे आहेत, प्रत्येक मीटिंगला येतात. कदाचित त्यांच्या लहानपणी त्यांची वही कुणी वर्गासमोर उंच धरून दाखवली असेल, बघा काय लिहिलंय याने म्हणून. आपल्या पिढीत हे कितीजणांच्या वाट्याला आलंय. चूक चारचौघांत दिसली म्हणजे अब्रू गेली, हे आपल्या अंगात मुरलंय. त्यांना त्या मुलीची लाज वाचवायची होती, असंही असेल. पण तिला लाज वाटतच नव्हती हो! ती स्वतः पहिल्या चित्रावर बोट ठेवून सगळ्यांना सांगते, "तेव्हा मला माहीत नव्हतं ना." किती सहज म्हणते. हे सहज म्हणणं तिच्याकडून आपण का काढून घ्यायचं?

मुलांचे चेहरे ग्रुपवर नकोत, हे मान्य, मी टाकतही नाही. हात आणि वही पुरे. मुलांची तुलना होते, हेही खरं, म्हणून सगळ्यांची पाळी आली पाहिजे. आणि शिक्षकांनी शिकवायचं सोडून फोटोच काढत बसायचं का, हा प्रश्न विचारणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचंही चुकत नाही. रोज दहा फोटो टाकून काही साधत नाही. आठवड्यात एक टाका, पण त्याबरोबर दोन ओळी लिहा. आम्ही कोणत्या प्रश्नाच्या मागे होतो. मूल काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत, न सुधारता. नुसता 'आजचा उपक्रम' आणि खाली फुलांच्या इमोजी, याने पालकांना काहीही कळत नाही. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांच्यासाठी मुलाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मी पाठवते. घरातली सगळी ऐकतात.

आणि पालक म्हणून तुम्ही शाळेत जाल तेव्हा, माझी कळकळीची विनंती आहे, मुलाच्या डोक्यावरून शिक्षकांशी बोलू नका. "मॅडम, हा घरी अभ्यासच करत नाही" हे नंतर बोलू. आमच्याकडे पालकभेटीला मूलच फाईल उघडतं आणि सांगतं, हे मला आधी येत नव्हतं, आता हे येतं, हे अजून येत नाही. पहिल्या भेटीत पालक अस्वस्थ होतात. मध्येच सुधारतात, अरे नीट सांग, असं नव्हे तसं. थांबा थोडं. गप्प राहिलात तर मूल पुढचं वाक्य शोधतं आणि ते सापडतं तेव्हा तुम्हाला वर्गात काय चाललंय ते कळतं. घरी "आज काय शिकलास" विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येतं, सगळ्या घरांत येतं. "मूळ खाली का गेलं रे?" विचारून बघा. जेवण गार होईल.

ती चित्रं मी ग्रुपवरून काढणार नाही. त्या मेसेजवाल्या पालकांना उद्या फोन करणार आहे, भांडायला नाही, त्यांच्या मुलाची फाईल घेऊन बसायला बोलवायला. त्याच्याही फाईलमध्ये एक बी आहे, त्याने मूळ थेट ग्लासच्या बाहेर काढलंय.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, एक विचारायचंय. वर्ग मोठा असेल तर प्रत्येक मुलाचं बोलणं टिपायला वेळ कसा काढता? मी गटागटाने करते, तरी गप्प बसणारी मुलं राहून जातात आणि बोलकी पुन्हा पुन्हा येतात. कुणाला याचा उपाय सापडला असेल तर खाली सविस्तर लिहा, मला खरंच हवाय.