थर्टी फर्स्टला जंगलात या, पण वाघाचा हट्ट घरी ठेवून

नाताळच्या सुट्टीत ताडोबाचं बुकिंग मिळत नाही, अशी तक्रार दर डिसेंबरात कानावर येते. मला त्यात आनंदच वाटतो. वर्षाचे शेवटचे दिवस हॉटेलात घालवण्यापेक्षा साग-बांबूच्या जंगलात घालवावेत, पोरांना पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत कुडकुडू द्यावं. विदर्भातला माणूस म्हणून मी हे आग्रहानं सांगत असतो.

पण ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जे झालं, ते डोळ्यांपुढून जात नाही. एफ-२ या नावानं ओळखली जाणारी वाघीण बछड्यांसह रस्त्यावर आली आणि जिप्सींनी तिची वाटच अडवली. व्हिडिओ फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालक-गाईडवर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पण "अजून थोडी पुढे घ्या ना" म्हणणारे मागच्या सीटवर बसतात, म्हणूनच गाडी पुढे जाते. ते आपण असतो.

मुळात हिवाळा हा वाघ बघायचा हंगामच नाही. एप्रिल-मेमध्ये पानं झडलेली असतात, पाणवठे आटलेले असतात, तेव्हा तो सहज दिसतो. डिसेंबरात गवत उंच असतं, नाल्यांना पाणी असतं, वाघ कुठेही पाणी पितो आणि कुठेही दडतो.

मग हिवाळ्यात बघायचं काय? अहो, केवढं तरी! सांबरं माजावर आलेली असतात. पूर्ण वाढलेल्या शिंगांचा नर चिखलात लोळून काळाकभिन्न होऊन उभा राहिला की बघत राहावं. रानकुत्र्यांच्या माद्या याच दिवसांत बिळात पिल्लं घालतात. ताडोबा तलावाच्या काठी मगरी उन्हाला पडलेल्या असतात. रस्त्याकडेच्या झाडांमध्ये तळहाताएवढ्या कोळ्यांची सोनेरी जाळी ताणलेली असतात, पहाटेच्या दवात तर ती लांबूनही दिसतात. मगरीच्या पाठीसारखी खरबरीत, भेगाळलेली ऐनाच्या झाडाची साल बघा. बाहेर इरई धरणावर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब पक्षी उतरतात.

आणि सण म्हणाल, तर या जंगलाचा स्वतःचा हिवाळी सण आहे. वाघाशी झुंजताना मेलेला तारू नावाचा गावप्रमुख इथल्या गोंडांचा देव झाला, अशी कथा आहे. ताडोबा हे नाव त्याचंच. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरण्याची जुनी रीत आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून लोक इथे थंडीत देवाला येत आले. त्याच जंगलाच्या वेशीवरच्या रिसॉर्टमध्ये मध्यरात्री डीजे आणि फटाके लागतात तेव्हा मला मनापासून राग येतो. शेकोटी करा, हुरडा भाजा, गप्पा मारा, गाणी म्हणा. स्पीकर कशाला?

एक विनंती. गेटवर जिप्सीत बसतानाच गाईडला सांगा, "दादा, वाघ नाही दिसला तरी चालेल, तुमचं जंगल दाखवा." बहुतेक गाईड आजूबाजूच्याच गावांतले असतात. त्यांना झाडं कळतात, ठसे कळतात, माकडानं दिलेला धोक्याचा कॉल कळतो. पण बक्षिशी वाघावर ठरते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून सगळी सफारी नुसती पळापळ होते. वाघ दिसला नाही तरी तितकीच बक्षिशी द्या, आणि ती देणार हे आधीच सांगून टाका.

(मंगळवारी ताडोबा बंद असतो, तारखा बघूनच ठरवा.)