काडी लावण्याआधी एकदा पाचट उचलून बघा

परवा शाळेतून घरी आले तर अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी कात्रणं पडली होती. काजळीची. झटकायला गेलं की चुरा होतो आणि कापडावर रेघ उमटते. ओढ्यापलीकडे कुणाची तरी ऊसतोड संपली होती आणि रानात पाचट, म्हणजे तोडीनंतर मागे राहिलेला उसाचा वाळका पाला, पेटवलं होतं. आमच्या कोल्हापूरकडच्या शिरोळ भागात हंगामभर हे चालूच असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीवर पापड-कुरडया घालताना बायका आधी वारा कुठून आहे ते बघतात, इतकं ते अंगवळणी पडलंय.

मी हायस्कूलला सतरा वर्षं विज्ञान शिकवते आणि घरचा अडीच एकर ऊस आहे. या पाचटाबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. पोस्ट लांबणार आहे, पण ज्यांच्या रानात ऊस आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

पाचट पेटतं तेव्हा जवळ उभं राहून बघितलंय का कधी? राहिलेली टिपरी फटफट फुटतात. जाळाची रेघ वाऱ्याबरोबर सरकत जाते आणि तिच्या पुढे कोतवाल आणि बगळे हजर असतात. वर घारी घिरट्या घालतात. या पाखरांना पक्कं ठाऊक असतं की जाळापुढून नाकतोडे, कोळी, झुरळं, सरडे जीव घेऊन पळणार. तासाभरात त्यांची पोटं भरतात. मग रान काळं होतं आणि पुढचे कित्येक दिवस तिथे एकही बगळा उतरत नाही, कारण खायला काही उरलेलंच नसतं.

नववी-दहावीच्या पोरांना आम्ही फळ्यावर अन्नसाखळी काढून दाखवतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. वर जाताना प्रत्येक पायरीला साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते, बाकीची जगण्यात आणि उष्णतेत खर्च होते. हा विचार रेमंड लिंडेमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने मिनेसोटातल्या एका लहान तळ्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करून मांडला. त्याचा लेख 1942 साली छापून आला, आणि तो छापलेला बघायला तो स्वतः राहिला नाही. सत्ताविसाव्या वर्षी गेला. पोरांना हे सांगितलं की वर्ग दोन मिनिटं गप्प होतो.

पण खरं सांगू, फळ्यावरची ती साखळी फार थोडं सांगते. जंगलात वर्षभरात जेवढं हिरवं वाढतं, त्यातलं जिवंतपणी खाल्लं जातं ते फार तर दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीचं सगळं वाळतं, गळतं, मरतं आणि जमिनीवर पडतं. म्हणजे सूर्याकडून आलेल्या ऊर्जेचा मोठा लोंढा हरणा-वाघाकडे जातच नाही, तो पाचोळ्यातून खाली मातीत उतरतो. तिथे बुरशी, जिवाणू, गांडूळ, वाळवी, वाणी (पैसा किडे), सूत्रकृमी (मातीतले बारीक जंत) यांची केवढी तरी पंगत बसलेली असते. वाघाचे फोटो आपण शेअर करतो. या पंगतीचा फोटो कुणी काढत नाही, पण जंगल उभं आहे ते तिच्या जिवावर.

उसाचं रानही तसंच. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना जातात, ऊस कारखान्याला जातो, रानात राहतं ते पाचट. गाय-म्हैस त्याला तोंड लावत नाही. ते मातीतल्या जीवांच्या वाटणीचं आहे आणि आपण ते त्यांच्या पुढ्यातून ओढून पेटवतो.

यात दोन गोष्टी, ऊर्जा आणि अन्नद्रव्यं, वेगवेगळ्या वाटांनी चालतात. मला हे पुस्तकापेक्षा आमच्या उकिरड्याने जास्त चांगलं शिकवलं. लग्न होऊन आले त्या वर्षी थंडीत पहाटे गोठ्याकडे गेले तर उकिरड्यातून वाफ निघत होती. मी घाबरून मामंजींना हाक मारली, मला वाटलं पेटलं. ते आले, बाही वर सारली आणि म्हणाले, "घाल की पोरी हात आत." कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यागत काढला. कुजत्या ढिगाचं तापमान 60 अंशांपर्यंत जातं हे मी शिकवत होते, हाताला ते त्या दिवशी कळलं. ती वाफ म्हणजे गेल्या पावसाळ्यातलं ऊन. पानांनी धरून ठेवलेलं, गवतात आणि कडब्यात साठलेलं, म्हशीच्या पोटातून आलेलं आणि आता जिवाणू खाऊन संपवत असलेलं. ते हवेत गेलं की गेलं, परत येत नाही. उद्याच्याला सूर्याने नवीन द्यायचं. ढिगात मात्र नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त राहतं. मे महिन्यात तेच गाडीत भरून रानात जातं आणि पुन्हा उसात चढतं. ऊर्जा पाहुण्यासारखी येते आणि निघून जाते, अन्नद्रव्यं घरच्या माणसांसारखी याच घरात राहतात. अर्थात आपण राहू दिली तर.

आता पाचटाचा हिशेब. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, स्फुरद 0.2 टक्के, पालाश पाऊण ते एक टक्का आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन) 32 ते 40 टक्के. म्हणजे हेक्टरी 40 ते 50 किलो नत्र, 60 ते 100 किलो पालाश आणि अडीच ते चार टन कर्ब. काडी लावली की बहुतेक सगळा नत्र धुरातून जातो, गंधकाचा बराचसा भाग जातो, कर्ब तर जातोच. स्फुरद आणि पालाश राखेत राहतो, ते खरं आहे. म्हणूनच म्हातारी माणसं म्हणतात की राखेने रानाला ताकद येते. पण ती राख उघड्या रानावर पडलेली असते. थोडी वाऱ्याने उडते, थोडी पहिल्या पाण्याबरोबर पाटातून चरीत आणि चरीतून ओढ्यात जाते. थोडी माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर आलीच होती.

पालाशाचं तर मला फार लागतं. आपल्या देशात पोटॅशच्या खाणी नाहीत, पोतंन् पोतं परदेशातून येतं. त्या एक हेक्टर पाचटात दोन-तीन पोती पोटॅशइतका पालाश असतो. आपण तो राखेतून उधळतो आणि मग सोसायटीच्या दारात पोटॅशसाठी उभे राहतो.

ऊर्जेचा आकडा ऐका. एक टन वाळलेल्या पाचटात साठलेली उष्णता म्हणजे ढोबळमानाने 400 लिटर डिझेल. एकरी तीन-साडेतीन टन पाचट धरलं तर बाराशे लिटरच्या वर. कुणी एकराच्या मधोमध बाराशे लिटर डिझेल ओतून पेटवलं तर गाव धावत येईल. हे मात्र दर हंगामात अर्ध्या तासात होतं आणि कुणी मान वळवून बघत नाही. हीच ऊर्जा मातीतले जीव वर्षभर पुरवून खातात. त्यावर ते माती भुसभुशीत करतात, तिचे कण एकमेकांना चिकटवतात, बिळं पाडतात, पाणी मुरवतात. ती त्यांची मजुरी आहे. मजुरी जाळून टाकायची आणि माती दगडासारखी झाली म्हणून मोठा ट्रॅक्टर लावायचा, मग त्या ट्रॅक्टरला डिझेल विकत घ्यायचं.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट साखरेची वाटते. साखरेत कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. बस. नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. म्हणजे पोत्यात भरून बाजारात जाते ती हवा, पाणी आणि ऊन. मातीतून उसाने उचललेलं सगळं रस गाळून उरलेल्या मळीत, काकवीसारख्या मोलॅसिसमध्ये, भुश्श्याच्या राखेत, वाढ्यात आणि पाचटात मागे राहिलेलं असतं. ऊन विकून पैसे मिळवायचे आणि माती घरातच ठेवायची अशी सोय क्वचितच एखाद्या पिकात असेल. शेती म्हणजे पानांनी केलेली उन्हाची साठवण, हा विचार श्री. अ. दाभोळकरांनी आपल्या कोल्हापुरातूनच 'प्रयोग परिवार' या शेतकऱ्यांच्या गटांमार्फत गावोगाव नेला होता. तो ज्या मातीत रुजायला हवा होता, तिथेच आपण तो विसरलो.

आणि जे रानातून निसटतं ते नाहीसं होत नाही, ते चुकीच्या जागी जातं. उन्हाळ्यात पंचगंगेवर जलपर्णी बघा. शहरांचं सांडपाणी आहेच, त्याचा वाटा मी कमी करत नाही, पण आपल्या रानातून पाण्याबरोबर वाहून गेलेला नत्र आणि स्फुरदही तिथेच पोचतो. जलपर्णी त्यावर पोसते, मग मरते, मग कुजते, आणि कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकतात. रानात जे उपाशी जिवाणूंना मिळालं नाही, ते नदीत नको तितकं मिळालं.

आता "बाई, बोलणं सोपं आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी. सोपं नाही, मला माहीत आहे. आम्ही पहिल्या वर्षी पाचट ठेवलं तेव्हा खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून फुटलेला ऊस, पिवळा पडला. मामंजी दोन महिने काही बोलले नाहीत, रोज बांधावर उभे राहून बघायचे. चूक आमची होती. पाचटात 80 भाग कर्बाला जेमतेम 1 भाग नत्र असतो. जिवाणूच्या अंगात मात्र 8 भागांना 1. म्हणजे आपण त्याच्यापुढे कोरड्या भाकरीची चळत ठेवली आणि कालवण दिलंच नाही. मग तो मातीतला, उसाच्या वाटचा नत्र खातो आणि ऊस पिवळा पडतो. म्हणून पाचटावर युरिया टाकायचा असतो. हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, ओल असताना. दुसऱ्या वर्षी हे केलं आणि खोडवा हिरवागार राहिला. जिवाणूंनी खाल्लेला नत्र कुठे जात नाही. त्यांना सूक्ष्म जीव आणि सूत्रकृमी खातात आणि मुळाशी नत्र पुन्हा सुटतो, सावकाश, ऊस वाढीला लागतो त्याच सुमाराला.

बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात आणि त्यांच्यावरचं पाचट सरीत ओढावं लागतं, नाहीतर कोंब दबतात. याला माणसं लागतात आणि माणसं मिळत नाहीत. पाटपाण्याची पहिली पाळी अडखळत जाते. रात्री लाइट आली की पाणी द्यायला पाचटातून चालताना सापाची भीती वाटते, ती खोटी नाही, आम्ही गमबूट घेतले. उंदीर वाढतात, लक्ष ठेवावं लागतं. ही सगळी कारणं मला मान्य आहेत. पेटवणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, तो कर्जात आणि घाईत असतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या रानातली आग बांध ओलांडून आमच्यात आली. आमचं पाचट, फुटलेले कोंब आणि ठिबकच्या नळ्या गेल्या. मी त्या संध्याकाळी बांधावर बसून रडले. भांडायला गेले नाही, कारण त्यांच्या घरी त्या आठवड्यात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. पण जे जळलं ते माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. राखेत वळून काळे झालेले वाणी होते, शेकड्यांनी.

पुन्हा सुरुवात केली. आता पाण्याच्या पाळीत तीन-चार दिवसांचं अंतर जास्त पडलं तरी रान सुकत नाही, पाचटाखाली ओल टिकते. तण काढायला बायका लावाव्या लागत नाहीत. गेल्या पावसाळ्यात मी वर्गातली पोरं रानात नेली. एकेकाला पाचटाचा थर हातभर उचलायला लावला. वरचं कोरडं, करकरीत. त्याखाली तपकिरी, मऊ, बोटांत कुसकरणारं. त्याखाली पांढऱ्या बुरशीचे धागे, कोळिष्टकासारखे, पाचटाला आणि मातीला एकत्र शिवल्यागत. आणि सगळ्यात खाली काळी माती, तिच्यावर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. एका पोराने ती माती नाकाला लावली आणि म्हणाला, "मॅडम, पहिल्या पावसाचा वास येतोय." तो वास मातीतल्या ॲक्टिनोमायसेट्स नावाच्या जिवाणूंचा. फळ्यावर मी हे नाव दहा वेळा लिहिलं असेल, त्यातलं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

आमची तोड यंदा फेब्रुवारीत आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर या. इनबॉक्समध्ये सांगा, मी रविवारी घरी असते. मामंजी रोज सकाळी रानातच असतात, मी नसले तरी तेच पाचट उचलून दाखवतील.