‘नवा घ्या आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. जुन्या लॅपटॉपबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. माझा लॅपटॉप धडधाकट असूनही त्यावर विंडोज 11 बसत नाही, आणि असं मशीन असलेल्यांनी थोडी मुदत काढून सवडीनं बदलावं, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. लगेच उत्तर दिलं नाही. रागाच्या भरात लिहिलं की तोल जातो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. दहा वर्षांच्या मशीनसाठी एवढं रडगाणं कशाला? तीस-पस्तीस हजारांत चांगला लॅपटॉप मिळतो. पैसे नसतील तर विंडोज काढून लिनक्स ही दुसरी प्रणाली टाका, फुकट आहे. विंडोज 10 वर काम करत राहणं असुरक्षित आहे आणि तसं जाहीरपणे लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे. शेवटची ओळ जशीच्या तशी देतो: ‘तुमच्यासारख्या लोकांना मुळात बदल नको असतो, मग दोष तंत्रज्ञानाला देतात.’ वर आपण अठरा वर्षं आयटीत आहोत हेही सांगितलंत.

लिनक्सचं मान्य. फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल आणि चार पत्रं एवढंच आहे त्यांनी जरूर टाकावं. माझ्या लेखात त्याचा उल्लेख असता तर बरं झालं असतं.

आता त्या शेवटच्या ओळीबद्दल.

‘तुमच्यासारखे लोक’ म्हणजे कसले लोक? तुम्ही मला ओळखत नाही. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे हातानं जुळवायचे, संध्याकाळी घरी आले की बोटं काळी. 1990 नंतर ते काम बसत गेलं, तेव्हा छापखान्यातल्या बऱ्याच जणांनी हाय खाल्ली. वडिलांनी मला संगणकाच्या क्लासला घातलं. मी विंडोज 3.1 वर पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर शिकलो. तेव्हापासून लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक हेच करतो आहे. छपाईची प्लेट काढायला लागायचं ते ब्रोमाइड गेलं, ट्रेसिंग गेलं, पॉझिटिव्ह गेली, आता पीडीएफवरून थेट प्लेट निघते. फ्लॉपी गेली, सीडी गेली. प्रत्येक वेळी शिकलो, आणि शिकवणारं कुणी नव्हतं. रात्रपाळीला बसून, चुकलेल्या प्लेटचे पैसे स्वतःच्या खिशातून भरून शिकलो. अशा माणसाला ‘बदल नको असतो’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? एका लेखावरून? आणि तो लेख तरी पूर्ण वाचलात का, अशी शंका आहे, कारण माझं मशीन कोणतं आणि त्याचं काय अडलंय हे त्यात दुसऱ्याच परिच्छेदात आहे.

विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारी सुरक्षा अपडेट, एप्रिल 2014 मध्ये संपला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 ला. दोन्ही वेळा मी कुरकुर न करता पुढे गेलो. पण त्या वेळी फरक असा होता की ज्या मशीनवर 7 चालत होतं त्यावर 10 बसायचं. जरा संथ चालेल, पण बसायचं. या वेळी दारच बंद आहे. माझा लॅपटॉप 2016 चा. विंडोज 11 ला लागणाऱ्या सुरक्षेच्या सोयी, टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट, त्यात आहेत. रॅम चारची बारा जीबी केली, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, बॅटरी बदलली, स्क्रीनची बिजागरीसुद्धा नवी बसवून घेतली. विकत आणला तेव्हापेक्षा आज तो जास्त जलद चालतो. पण प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा आहे आणि विंडोज 11 ची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. हार्डवेअर थकलेलं नाही, ते यादीत नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती लेखात स्पष्ट आहे. तिला रडगाणं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग तिच्यात चूक काय आहे तेही दाखवा.

तुम्ही म्हणता, ‘डेटा कॉपी करायला एक तास लागतो.’ डेटा कॉपी होतो हो. पुढे काय?

माझ्याकडच्या वीसेक वर्षांच्या फायली युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच उघडणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या टंकांत (फॉन्टांत) आहेत. हे टंक रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवतात. टंक नसेल त्या मशीनवर फाइल उघडली की टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चौकोन दिसतात. कन्व्हर्टर आहेत, वापरलेही आहेत. पण या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार बरोबर उलट: इथे अक्षरानंतर, तिथे आधी. त्यामुळे ‘निवडक’ बदलताना वेलांटी ‘व’वर जाते, ‘वर्षा’चा रफार कुठेतरी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि ‘द्ध’, ‘द्व’ ही जोडाक्षरं हलन्त होऊन पडतात. दोनशे पानांची स्मरणिका अशी निघाली की ओळ न् ओळ पुन्हा वाचावी लागते. गेलेल्या माणसाचं नाव श्रद्धांजलीच्या पानावर चुकलं तर त्याच्या घरच्यांना मी ‘कन्व्हर्टरची चूक’ असं सांगू?

त्यात भर म्हणजे ते टंक चालवणारं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे किल्लीसारख्या एका छोट्या उपकरणावर चालतं. यूएसबीला तो लावल्याशिवाय टंक उघडत नाहीत. त्याचा ड्रायव्हर जुना. नव्या विंडोज 11 मशीनवर सहसा ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय चालू असते आणि ती असे जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करता येते. म्हणजे सुरक्षिततेसाठी नवीन मशीन घ्यायचं आणि काम चालावं म्हणून तीच सुरक्षितता बंद करायची. आयटीतल्या माणसानं हे तरी लक्षात घ्यायला हवं होतं. आणि लिनक्स? त्या डोंगलचा लिनक्ससाठी ड्रायव्हर कधी निघालाच नाही.

किमतीबद्दल फार लिहीत नाही. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर बऱ्याच दुकानांत विचारलं. तुम्ही म्हणता त्या किमतीत मिळणाऱ्या बहुतेकांत आठ जीबी रॅम मदरबोर्डवरच डकवलेली, वाढवायची सोय नाही. स्क्रीनवर रंग इतके फिके की कुंकवाचा लाल आणि विटकरी यांत फरक कळत नाही. पत्रिकेचं काम त्यावर कसं करायचं? एका दुकानदारानं माझ्याच लॅपटॉपकडे बघून ‘हा भंगारात द्या, हजार रुपये देतो’ म्हटलं. त्याच्याशी मी वाद घातला नाही, त्याचा धंदा आहे. तुमचा तर तोही नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे मलाही माहीत आहे. नोंदणी केली की ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळतात, मी ती नोंदणी केली आहे. बँकेचे व्यवहार मी फोनवर करतो. विषय संपला.

‘बेजबाबदार’ हा शब्द मात्र लागला. लालबाग-परळपासून दहिसरपर्यंत माझ्यासारखे कितीतरी डीटीपीवाले एका खोलीत, एका मशीनवर संसार चालवतात. गणपतीच्या आधी अहवाल, मग दिवाळी अंक, मग लग्नसराई. या मोसमात मशीन बदलायचं म्हणजे हातातलं काम सोडायचं, आणि एकदा दुसरीकडे गेलेलं मंडळ परत येत नाही. या लोकांनी काय करावं, यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही. त्यांना थोडी मुदत काढून पावसाळ्यात, कामं कमी असताना बदला असं सांगणं मला बेजबाबदार वाटत नाही. पुन्हा सांगेन.

मी स्वतः आठव्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप शोधतो आहे, रॅमचे स्लॉट उघडे असलेला. नवी कामं त्यावर, युनिकोडमध्ये. हा जुना इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या फायलींसाठी ठेवणार, डोंगलसकट.

अठरा वर्षांच्या अनुभवात तुमच्या पाहण्यात रफार आणि पहिली वेलांटी जागेवर ठेवणारा एखादा कन्व्हर्टर आला असेल, तर त्याचं नाव इथेच लिहा. मी एका जुन्या अंकावर चालवून बघेन आणि निकाल इथेच देईन.