तुकड्यातुकड्यात तिकीट काढलं की रेल्वे स्वस्त पडते, हे साफ खोटं आहे

रविवारी मंगळवार पेठेत मावशीकडं जेवायला गेलो होतो. हात धुवून बसतोय तेवढ्यात मावशीनं मोबाईल पुढं केला, म्हणाली "बघ रे बाळा, नागपूरची तिकीटं काढली, आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आलं होतं तसं, लई स्वस्तात." तिची लेक नागपूरला आहे, नातवाचा पहिला वाढदिवस आहे, म्हणून मावशी आणि काका दोघं निघालेत. मी बघितलं तर एकाच महाराष्ट्र एक्सप्रेसची, एकाच प्रवासाची तीन वेगवेगळी तिकीटं. कोल्हापूर ते मिरज, मिरज ते पुणे, पुणे ते नागपूर. पहिल्यात डबा एस-२, दुसऱ्यात एस-५, तिसऱ्यात आणखी वेगळा, एस-१. मावशी ६२ वर्षांची, गुडघे दुखतात, जिना चढताना कठडा धरते, आणि तिनं मिरजेला एकदा आणि पुण्यात एकदा बॅगा घेऊन डबा बदलायचा, तेही जास्त पैसे देऊन! शेजारच्या पोरानं मोबाईलवरून काढून दिली होती, त्याचा दोष नाही, त्यानं मेसेजमध्ये होतं तसंच केलं.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. "रेल्वे तुमच्यापासून लपवते ती ५ गुपितं" असं वर लिहिलंय आणि खाली पाच गोष्टी. बारा आठवडे आधी तिकीट काढा, निम्म्या भावात मिळतं. लांबचं तिकीट तुकड्यांत काढा, फक्त गाडी त्या स्टेशनवर थांबली पाहिजे. वेटिंगचं तिकीट घेऊन बिनधास्त स्लीपरमध्ये बसा, टीसी काही करू शकत नाही. कोणाचं तिकीट उरलं असेल तर त्याच्याकडून कमी पैशात घ्या. आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत परत सुरू झालीय, खालच्या लिंकवर आधार नंबर भरा.

तुकड्यांचं आधी सांगतो, कारण पैसे तिथंच गेलेत आणि हीच गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त पटते.

आपल्या रेल्वेचं भाडं किलोमीटरवर ठरतं. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, रेल्वेवाले ह्याला टेलिस्कोपिक भाडं म्हणतात. गुळाचा अख्खा रवा घेतला की जो भाव लागतो तो पाव-पाव किलो घेताना लागत नाही, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला नको. कोल्हापूर ते नागपूर हजार किलोमीटरच्या वर आहे, सलग तिकीट काढलं की तो उतरलेला दर मिळतो, तोडलं की प्रत्येक तुकड्याला परत वरच्या दरापासून सुरुवात.

आणि ह्याच्याहून वाईट गोष्ट रेल्वे बोर्डाच्या भाड्याच्या कोष्टकात आहे, ते कोष्टक एकदा उघडून बघाच. प्रत्येक वर्गाला एक कमीत कमी अंतर ठरलेलं आहे ज्याचं भाडं द्यावंच लागतं, मग तुम्ही पुढच्याच स्टेशनवर उतरा. स्लीपरला ते २०० किलोमीटर आहे आणि थ्री एसीला ३००. कोल्हापूर ते मिरज अंतर पन्नासच्या आतबाहेर, म्हणजे मावशीनं आणि काकांनी त्या पहिल्या तुकड्यासाठी माणशी दीडशे किलोमीटरचं भाडं न केलेल्या प्रवासाचं दिलं. खोटं वाटत असेल तर आत्ता ॲप उघडा, एकाच गाडीचं स्लीपरचं भाडं कोल्हापूर ते मिरज किती दाखवतं आणि कोल्हापूर ते कराड किती दाखवतं ते बघा, दोन्ही सारखं दिसेल कारण दोन्ही दोनशेच्या आत आहेत. मी मावशीला हेच दाखवलं. ती दोन्ही आकडे चार वेळा बघत बसली, मग म्हणाली "म्हणजे मी कराडपर्यंतचे पैसे देऊन मिरजेला उतरले व्हय?" होय, तसंच झालं.

वर आणखी, रिझर्व्हेशन चार्ज प्रत्येक तिकिटावर वेगळा, स्लीपरला माणशी २० रुपये, म्हणजे एकदा द्यायचे ते तीनदा दिले. ऑनलाइन काढल्यावर लागते ती कन्व्हिनियन्स फी तीनदा. सुपरफास्ट गाडी असती तर स्लीपरचे ३० रुपयेही तीनदा, महाराष्ट्र एक्सप्रेस सुपरफास्ट नाही म्हणून तेवढे वाचले. आणि रद्द करायला गेलं की खरा दणका, कारण कन्फर्म स्लीपर तिकीट अगदी वेळेत रद्द केलं तरी माणशी १२० रुपये कापतात, एक तिकीट असतं तर दोघांचे २४० गेले असते, तीन तिकीटं म्हणून ७२० गेले. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसांचे ७२० रुपये, एका फॉरवर्डमुळं.

मग हे आलं कुठून? मला त्या "बारा आठवडे" शब्दावरनंच शंका आली होती. हा सगळा सल्ला ब्रिटनच्या रेल्वेचा आहे, कुणीतरी उचलून मराठी केला आणि पुढं ढकलला. तिथं ॲडव्हान्स नावाची स्वस्त तिकीटं साधारण बारा आठवडे आधी निघतात, ती ठरलेल्या एकाच गाडीला चालतात. तिथली भाडी नुसत्या किलोमीटरवर नसतात, कुठल्या दोन स्टेशनांमध्ये जाताय, गर्दीच्या वेळी जाताय का नंतर, ह्यावर वेगवेगळी ठरतात, त्यामुळं तिथं कधीकधी दोन तुकड्यांची बेरीज सलग तिकिटापेक्षा खरोखर कमी येते. आणि गाडी त्या मधल्या स्टेशनवर थांबली पाहिजे ही अटही तिथलीच, शब्दाला शब्द. तिथल्या माणसानं तिथल्या माणसांना सांगितलेली बरोबर गोष्ट इथं आणून आमच्या बायकांच्या गळ्यात मारली.

बरं, बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. आपल्याकडं १ नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी १२० होतं. म्हणजे मेसेज सांगतो त्या दिवशी खिडकीच उघडलेली नसते. आणि आपल्या नेहमीच्या मेल-एक्सप्रेसला साठाव्या दिवशी काढा नाहीतर पाचव्या दिवशी, भाडं तेच. लवकर काढल्यानं जागा मिळते, तत्काळचे जादा पैसे वाचतात, हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे, पण निम्मा भाव वगैरे काही नाही.

इथं थोडं खरं आहे ते मान्य करतो. राजधानी, शताब्दी, दुरांतोला ९ सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे, दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं, एका मर्यादेपर्यंत, तिथं लवकर काढणारा खरंच कमी देतो. पण ह्यातली एकही गाडी कोल्हापुरातून सुटत नाही. २०२५ च्या दिवाळीत जाण्यायेण्याची योजना होती, १३ ते २६ ऑक्टोबरला जायचं आणि १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबरमध्ये परत यायचं, परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट, पण तिकीट रद्द केलं तर एक रुपया परत नाही. सवलती आहेत, पण त्या अशा तारखेच्या आणि अटींच्या असतात. आणि तुकडे केल्यानं कधीकधी कन्फर्म जागा सापडते हेही खरं, सलग वेटिंग दाखवत असताना अर्ध्या वाटेची जागा मिळते, कारण कोटे वेगळे असतात. नड असेल तर जरूर करा, जास्त पैसे देतोय हे माहीत असून करा.

वेटिंगचं एका वाक्यात. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, ते घेऊन चढलात तर तुम्ही विनातिकीट, आणि खिडकीवरचं वेटिंग तिकीट स्लीपरमध्ये चालत नाही, टीसी दंड करू शकतो आणि करतो.

दुसऱ्याचं उरलेलं तिकीट विकत घेणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४२ खाली गुन्हा आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको एवढ्यांच्या नावावर २४ तास आधी खिडकीवर अर्ज देऊन बदलता येतं.

आता ती लिंक. ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० ला बंद झाली. आधी ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वरच्या बायकांना ५० टक्के होती, आणि ती परत द्यावी असं मलाही मनापासून वाटतं, म्हातारी माणसं त्याच आशेनं ती लिंक दाबतात. पण सवलत होती तेव्हाही तिकीट काढताना फक्त वय टाकावं लागायचं, कुठं आधार नंबर देऊन नाव नोंदवायला लागत नव्हतं. मावशीनं नंबर भरला होता. ओटीपी आला तेव्हा चष्मा सापडला नाही म्हणून राहिलं, नाहीतर ७२० वर भागलं नसतं.

ज्येष्ठांसाठी आज जे खरंच आहे ते ह्या मेसेजमध्ये नाही. ६० वरचे पुरुष आणि ४५ वरच्या बायका ह्यांच्यासाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, तिकिटावर एकटेच किंवा जास्तीत जास्त दोघंच असले तर. चौघांचं एकत्र काढलं तर तो लागत नाही. आम्ही तिन्ही तिकीटं रद्द करून मावशी आणि काकांचं कोल्हापूर ते नागपूर असं सलग तिकीट त्याच कोट्यातून काढलं, दोघांना एकाच डब्यात खालच्या जागा मिळाल्या, एक पीएनआर, मधी कुठं उठायचं नाही.

मेसेज अजून बचत गटाच्या ग्रुपवर आहे, त्याखाली आठ-दहा जणींनी हात जोडलेत. ज्या ताईंनी टाकला त्यांना मी फोन केला, त्यांनाही दुसऱ्या ग्रुपवरनं आला होता, त्या काढते म्हणाल्या. तुमच्या ग्रुपवर असेल तर निदान ती लिंक आजच्या आज काढायला लावा, आणि घरातल्या कुणी आधार नंबर भरलाय का ते आज रात्री जेवताना विचारा.