पुस्तकाची सर नाही!

कादंबरीवरून काढलेला विज्ञानपट बघून बाहेर पडलात की लगेच तोंड उघडू नका. पार्किंगपर्यंत गप्प चाला. गाडीला किल्ली लावताना मान किंचित हलवा आणि म्हणा, "बरा आहे. पण पुस्तकाची सर नाही." एवढ्या भांडवलावर मी जळगाव जिल्ह्यात पंधरा वर्षं जाणकार म्हणून वावरतो आहे. तुम्हालाही जमेल.

पथ्य एकच, पुस्तक वाचायचं नाही. वाचलेल्या माणसाची फार पंचाईत होते. त्याला मधूनच सिनेमा आवडायला लागतो. तो "तसं नाही, पण..." अशी सुरुवात करतो, आणि अशी सुरुवात करणाऱ्याकडे भरीत पार्टीत कोणी बघतही नाही. माहिती लागतेच, पण त्यासाठी घरात एक वाचणारी भाची असली की भागतं.

सुरुवात 'ड्यून'पासून करा. फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी १९६५ ची आणि चांगली जाडजूड. समोरच्यानेही ती वाचलेली नसणार, ही मोठी सोय. वाळवंटाचा ग्रह, थेंब थेंब जपणारी माणसं, घाम गाळून पुन्हा प्यायला देणारा पोशाख. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर गाडीची वाट पाहिलेल्याला यात कल्पनाशक्ती कुठे लागली ते कळत नाही, पण तसं बोलून दाखवू नका. तिथे समोर कोणी थुंकलं तर तो मान समजतात, अंगातलं पाणी तुमच्यासाठी खर्च केलं म्हणून. त्या हिशेबाने आपल्या बसस्थानकांच्या कोपऱ्यांइतका मान विश्वात कोणाला मिळाला नसेल. (हे वाक्य माझं आहे, तुम्ही दुसरं शोधा.) मग हळूच डेव्हिड लिंचचा १९८४ चा सिनेमा काढा. त्याने शेवटी त्या ग्रहावर धो धो पाऊस पाडला. पुस्तकात मात्र पाणी म्हणजे तिथल्या अजस्र वाळूकिड्यांना विष, आणि ज्या मसाल्यासाठी सगळी मारामारी तो त्या किड्यांमुळेच तयार होतो. म्हणजे नायकाने पाऊस पाडून स्वतःचंच दिवाळं काढलं. एवढं बोलून थांबा. खानदेशात पावसाला फार वेळ नावं ठेवू नयेत.

'ब्लेड रनर'ची पाळी आली की एकच शब्द उच्चारा, "मेंढी!" आणि उसासा सोडा. फिलिप के. डिकच्या १९६८ च्या कादंबरीत नायकाच्या गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी आहे. जगात खरी जनावरं फारशी उरलेली नाहीत, ज्याच्याकडे खरं जनावर त्याची पत. नायकाची खरी मेंढी मेली, म्हणून त्याने नकली आणून ठेवली आणि शेजाऱ्याला कळू नये म्हणून तो जिवाचं रान करतो. १९८२ च्या सिनेमात निऑनचे दिवे आले, पाऊस आला, मेंढी गेली. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेले आणि पोळ्याला मातीच्या बैलाला पुरणपोळी दाखवणारे आपण. ती मेंढी आपल्याला जेवढी कळली असती तेवढी हॉलिवूडला कशी कळणार? खरं सांगायचं तर भाचीने ही गोष्ट सांगितली तेव्हा मला पुस्तक वाचावंसं वाटलं होतं. मोह आवरला.

एक सापळा मात्र सांभाळा. '२००१: अ स्पेस ओडिसी'बद्दल "पुस्तकाची सर नाही" म्हणू नका. तिथे आर्थर क्लार्कची कादंबरी आणि स्टॅन्ली कुब्रिकचा सिनेमा बरोबरीने तयार झाले, दोन्ही १९६८ चे. पुस्तकातलं यान शनीकडे जातं, सिनेमातलं गुरूपर्यंतच थांबतं, कारण शनीची कडी पडद्यावर मनासारखी जमेनात. इथे फक्त "शनी टाळला" म्हणा. आपल्याकडे लोक त्यातून हवा तो अर्थ काढतात.

'सोलारिस'चं नाव घ्यायला सगळ्यांत निर्धोक. मूळ लेखक स्टानिस्लाव लेमलाच तार्कोव्हस्कीचा १९७२ चा सिनेमा पटला नाही, पुढे २००२ चा अमेरिकनही पटला नाही. लेखकच आपल्या बाजूने असल्यावर सिनेमा बघायचीही गरज नाही.

आता धोक्याची जागा. शेतकऱ्यांसमोर मत देऊ नका.

मागच्या जानेवारीत बहिणीच्या सासरी, रावेर तालुक्यात, केळीच्या बागेच्या बांधावर भरीत पार्टी होती. तुरकाठ्यांवर हिरवी वांगी भाजत होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि मी 'द मार्शियन' सांगत होतो. मंगळावर वादळ येतं, यान कलंडायला लागतं, नायक मागे राहतो. बहिणीचे सासरे नाना वांगं उलटवत म्हणाले, "मले सांगा पाव्हने, तठी हवा किती?" मी भाचीकडे पाहिलं. ती म्हणाली, पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी. नाना म्हणाले, "मंग त्या वाऱ्यानं केळीचं पानबी फाटनार नाही." लेखकानेही ही चूक कबूल केलेली आहे म्हणे. पण लेखकाला ते माहीत असणं वेगळं आणि नानांना असणं वेगळं. जूनमधल्या एका वादळात नानांची अर्धी बाग आडवी झाली होती.

मी घाईने 'जुरासिक पार्क'कडे वळलो. क्लोन म्हणजे काय, हे समजावू लागलो. नानांनी मागच्या बागेकडे बोट केलं. टिश्यू कल्चरची रोपं, सगळी एका वाणाची, एकाच झाडाच्या नकला. एकाला रोग आला की सगळी बाग बसते. क्लोन हा शब्द तेवढा त्यांना नवा होता.

मग भाचीने मला न विचारता पुस्तकातलं सांगितलं. क्रायटनच्या १९९० च्या कादंबरीत लहान डायनोसॉर तीन खेपांत सोडलेले असतात, सगळ्या माद्याच, म्हणजे पिल्लं व्हायची नाहीत. त्यांच्या उंचीचा आलेख काढला तर तीन टेकाडं दिसायला हवीत. दिसतं एकच, मधे फुगलेलं. आणि संगणकाला जेवढी जनावरं शोधायला सांगितली तेवढी सापडली की तो मोजणं थांबवतो, जास्तीची त्याला दिसतच नाहीत.

"पंचनामा केला म्हना," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "मृगबाग एका उंचीची राह्यते, कांदेबाग दुसऱ्या. मधल्या उंचीची झाडं दिसली म्हंजे पिलं फुटली." (मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली केळी, कांदेबाग म्हणजे पावसाळा सरताना लावलेली; पिल म्हणजे झाडाच्या बुडातून आपोआप फुटणारं रोप.)

सिनेमात आलेख नाही, तिथे अंड्याची टरफलं सापडतात. केळीचं पिल कधी न कापलेल्या प्रेक्षकाला दुसरं काय दाखवणार? हे मला तिथे बोलायला हवं होतं, सुचलं घरी आल्यावर.

"आन तो पार्कवाला म्हातारा," नानांनी मला विचारलं, "तो वाचला का?"

सिनेमा मी चारदा पाहिलाय. "वाचला," मी छातीठोक म्हणालो.

भाचीने भाकरी मोडली. "पुस्तकात म्हातारा वाचत नाही मामा. आणि तुम्हीही."

अशा वेळी ठसका लागावा. भरितात हिरवी मिरची भरपूर असते, कोणाला शंका येत नाही.